प्लंबरसारखे पैसे द्या

(पोस्ट लांबलचक आहे. सवडीने वाचा.)

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्यातला एक पोरगा माझ्याकडे कागद घेऊन आला. तालुक्याच्या गावात पत्रकार असलं की बातम्या कमी आणि लोकांचे कागद जास्त येतात. सातबारा, पीक विम्याचा अर्ज, बँकेची नोटीस, काय वाट्टेल ते. याचा कागद मात्र वेगळा होता. पोरगा गातो चांगलं, गाणी स्वतः लिहितो, चालीही स्वतःच लावतो. त्याचं एक गाणं यूट्यूबवर बऱ्यापैकी चाललं आणि एका म्युझिक कंपनीने त्याला अकरा पानांचा इंग्रजी करार पाठवला. पाच गाण्यांचे पन्नास हजार रुपये ‘अ‍ॅडव्हान्स’. रेकॉर्डिंगचा, व्हिडिओचा, जाहिरातीचा खर्च कंपनी करणार आणि तो सगळा त्याच्या रॉयल्टीतून वळता करून घेणार. वळता होऊन जे उरेल ते त्याचं.

सोबत वडील होते. पंधरा-सोळा हंगाम ऊसतोडीला गेलेला माणूस. मी एकेक कलम मराठीत सांगत होतो. तिसऱ्या पानावर असतानाच ते म्हणाले, “म्हंजे उचलच की भाऊ ही.”

मी थांबलोच. कारण जवळपास हीच गोष्ट शिकागोतल्या एका गिटार वाजवणाऱ्या माणसाने १९९३ साली एका छोट्या मासिकात लिहिली होती, आकडेमोड मांडून. गेली पंधराएक वर्षं तो लेख माझ्याकडे आहे. त्याच्यावर कधीतरी लिहायचं होतं. निमित्त या पोराने दिलं.

त्या माणसाचं नाव स्टीव्ह अल्बिनी. ७ मे २०२४ ला हृदयविकाराच्या झटक्याने गेला, वय ६१. आपल्याकडे त्याच्या जाण्याची बातमी माझ्या तरी पाहण्यात आली नाही. पण निर्वाणा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नसेल ऐकलं तर कॉलेजातल्या पोरांच्या टी-शर्टवर तो पिवळा, जीभ बाहेर काढलेला हसरा चेहरा पाहिला असेल. त्या बँडचा तिसरा आणि शेवटचा स्टुडिओ अल्बम ‘इन युटेरो’ अल्बिनीने रेकॉर्ड केला.

इथे एक घोटाळा आधी निस्तरतो. आपल्याकडे प्रोड्यूसर म्हटलं की पैसे लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. रॉक संगीतात रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणजे स्टुडिओत बसून रेकॉर्ड घडवणारा. कोणतं गाणं कसं वाजवायचं, कुठला ‘टेक’ ठेवायचा, आवाज कसा बसवायचा हे ठरवणारा. आपल्या भाषेत अर्धा अरेंजर आणि अर्धा साउंड रेकॉर्डिस्ट म्हणा. मोठ्या प्रोड्यूसरला फी मिळतेच, शिवाय विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डवर टक्केवारी मिळते. त्या धंद्यात तिला ‘पॉइंट्स’ म्हणतात. रेकॉर्ड चालत राहील तोवर पॉइंट्स येत राहतात. म्हातारपणाची सोय.

अल्बिनीने हे पॉइंट्स आयुष्यभर घेतले नाहीत. स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घेणंही त्याला नको असायचं. मी रेकॉर्डिंग इंजिनिअर आहे, म्हणायचा.

त्याचा जन्म १९६२ चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाचा. वडील जंगलातल्या वणव्यांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ. घर पुढे मॉन्टाना राज्यातल्या मिझूला गावी गेलं. मिझूला म्हणजे अमेरिकेच्या हिशेबात आडगावच. तिथे शाळेत असताना त्याच्या कानावर रमोन्स नावाचा बँड पडला आणि पोरगं वाया गेलं. अपघातात पाय मोडून पडून राहावं लागलं, त्या काळात तो बेस गिटार शिकला. मग शिकागोजवळच्या एव्हन्स्टनला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेला. काय शिकायला? पत्रकारिता.

हे वाचलं तेव्हा मला या माणसाबद्दल जरा जास्तच जवळीक वाटली, खोटं कशाला बोलू. मीही पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला. अर्थात त्याचं मेडिल स्कूल अमेरिकेतलं नावाजलेलं, आणि आमचं म्हणजे संध्याकाळचे वर्ग, दोन पंखे, त्यातला एक बंद. असो. डिग्रीनंतर तो पत्रकार झाला नाही. फोटो रिटच करायची नोकरी धरली. पण छोट्या, घरगुती छापलेल्या संगीत-मासिकांत तो लिहायचा आणि जहाल लिहायचा. कुणालाही सोडायचा नाही. ते शिक्षण कुठे वाया गेलं नाही हे पुढे येईलच.

१९८१ मध्ये त्याने ‘बिग ब्लॅक’ सुरू केला. ड्रम वाजवायला माणूस नव्हता म्हणून रोलंड कंपनीचं ड्रम मशिन घेतलं आणि अल्बमवर वादकांच्या नावांत ‘रोलंड’ असंच छापलं. कर्कश, पत्रा घासल्यासारखं संगीत. सगळ्यांना झेपेल असं नाही, मलाही सलग अर्ध्या तासापलीकडे झेपत नाही. पण त्या बँडचा कारभार पाहण्यासारखा होता. मॅनेजर नाही, लेखी करार नाही. दौरे स्वतः ठरवायचे, रेकॉर्डिंगचा खर्च स्वतः करायचा, नोकरीच्या रजा वापरून वाजवायला जायचं. कुणाचे पैसे घेतले नाहीत म्हणून कुणाचं ऐकायची वेळ आली नाही. शिकागोची ‘टच अँड गो’ ही छोटी कंपनी त्यांचे अल्बम काढायची. तिचा व्यवहार तोंडी चालायचा. खर्च वजा जाता नफा अर्धा तुमचा, अर्धा आमचा. म्हणजे आपल्याकडची बटई. १९८७ मध्ये, नाव होत असतानाच, त्यांनी बँड बंद केला. दुसरा गिटारवाला सँतियागो दुरँगो कायदा शिकायला गेला.

(तोंडी व्यवहाराचं फार कौतुक करायला नको, तेही सांगतो. याच ‘टच अँड गो’वर पुढे ‘बटहोल सर्फर्स’ नावाच्या बँडने खटला भरला. मुदत न ठरवलेला तोंडी करार एका बाजूला हवा तेव्हा मोडता येतो, असा निकाल लागला आणि तो १९९९ मध्ये अपिलातही टिकला. शब्दाला जागणारी माणसं असतात तोवरच शब्द चालतो.)

आता त्याची काळी बाजू. ती लपवली तर ही पोस्ट म्हणजे श्रद्धांजलीचा फ्लेक्स होईल. बिग ब्लॅकनंतर त्याने जो बँड काढला त्याचं नाव ‘रेपमॅन’. एका जपानी कॉमिकवरून घेतलेलं. तेव्हाही लोक कार्यक्रमांच्या दारात निषेध करायला उभे राहिले होते. गाण्यांत, मासिकांतल्या लिखाणात, मुलाखतींत त्याने असं बरंच काही लिहिलं-बोललं जे इथे छापता येणार नाही. तेव्हाच्या त्या मंडळींचा समज असा की आपण मनाने चांगले आहोत, मग तोंडाने काहीही बोललं तरी चालतं. धक्का देणं म्हणजे बंडखोरी. आपल्याकडच्याही काही लेखक-कवींना हा समज होता, काहींना अजून आहे. अल्बिनीचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो.

१९८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये त्याने ‘पिक्सीज’ या नव्या बँडचा ‘सर्फर रोझा’ रेकॉर्ड केला. साधारण दहा दिवसांचं काम. मोबदला १,५०० डॉलर, एकरकमी, रॉयल्टी शून्य. तो अल्बम पुढच्या दहा वर्षांतल्या रॉकचा पाया मानला जातो. कर्ट कोबेनने त्यातूनच आवाज उचलल्याचं उघड कबूल केलं होतं. (गंमत म्हणजे अल्बिनीने नंतर त्याच पिक्सीजची एका लेखात टर उडवली. पुढे त्याला त्याची लाज वाटली, तसं त्याने बोलूनही दाखवलं.)

तो आवाज नेमका काय होता? त्या काळी मोठ्या स्टुडिओत एकेक वाद्य वेगळं वाजवून घ्यायचे आणि मग कोड्याचे तुकडे जोडावेत तसं गाणं जोडायचे. वरून यंत्राने घुमवायचे. अल्बिनी बँडला एका खोलीत उभं करायचा आणि म्हणायचा, वाजवा. ड्रमजवळ माइक असायचेच, शिवाय लांब, जमिनीवर, भिंतीपाशीही माइक ठेवायचा, म्हणजे ड्रमसोबत ती खोलीही ऐकू येते. गायकाचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावर चढवायचा नाही, वाद्यांच्या रांगेत ठेवायचा. ऐकताना वाटतं आपण त्या खोलीच्या कोपऱ्यात उभे आहोत. तमाशाच्या कनातीत बसून ढोलकी ऐकलेल्या माणसाला हा फरक चटकन कळेल. तीच ढोलकी कॅसेटवर ऐकली की काहीतरी गेलेलं असतं. जे गेलेलं असतं ते राखणं हे आपलं काम, असं तो मानायचा.

१९९१ मध्ये निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि तीन पोरं जगभर माहीत झाली. कोबेनला तो अल्बम फार गुळगुळीत वाटत होता. पुढच्यासाठी त्याला अल्बिनी हवा होता. अल्बिनीने १९९२ च्या नोव्हेंबरात बँडला चार पानी पत्र पाठवलं. हे पत्र आज सगळीकडे वाचायला मिळतं आणि नोकरी-धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावं असं आहे.

त्यात तो सांगतो की अल्बम थोड्या दिवसांत उरकला पाहिजे. आठवड्याहून जास्त लागत असेल तर कुणीतरी माती खातोय. कंपनीच्या लोकांनी मध्ये लुडबुड केली तर मी काम करणार नाही. आणि मग पैशाचा मुद्दा. रेकॉर्डवर मला रॉयल्टी नको. गाणी बँडने लिहिली, वाजवली बँडने, लोक विकत घेतात बँडचं म्हणून. चांगला असो की वाईट, तो अल्बम बँडचा आहे. तेव्हा रॉयल्टीही बँडचीच. मला प्लंबरसारखे पैसे द्या. मी काम करतो, तुम्ही कामाचे दाम द्या.

पुढे त्याने हिशेब मांडलाय. कंपनीची अपेक्षा असेल की मी एक किंवा दीड टक्का मागावा. तीस लाख प्रती खपल्या असं धरलं तर ते चारेक लाख डॉलर होतात. एवढे पैसे घेतले तर मला झोप लागणार नाही.

नळ बसवणारा दर वेळी नळ सोडताना पैसे मागत नाही, एवढं साधं ते आहे. पण हे साधं वाक्य त्याने जगातल्या तेव्हाच्या सगळ्यात खपणाऱ्या बँडला लिहिलं, घरात पैसा नसताना. त्याला शेवटी एक लाख डॉलर मिळाले. रक्कम लहान नव्हे, पण अमेरिकेतच तो अल्बम पुढे पन्नास लाखांवर गेला. त्याच्याच हिशेबाने साडेसहा लाख डॉलर होतात. ते त्याने सोडले.

१९९३ च्या फेब्रुवारीत मिनेसोटातल्या कॅनन फॉल्स गावाबाहेर, ऐन बर्फात, दोन आठवड्यांत अल्बम झाला. कुणाला कळू नये म्हणून स्टुडिओचं बुकिंग ‘सायमन रिची ग्रुप’ या खोट्या नावाने केलं होतं. मग राजकारण सुरू झालं. कंपनीला अल्बम आवडला नाही अशी कुजबुज. अल्बिनीने ‘शिकागो ट्रिब्यून’ला उघड सांगितलं की कंपनीला हा अल्बम नकोसा झालाय. ‘न्यूजवीक’ने बातमी केली. बँडने ‘बिलबोर्ड’मध्ये पानभर जाहिरात देऊन खुलासा केला. शेवटी रेडिओवर वाजवायची दोन गाणी स्कॉट लिट या दुसऱ्या प्रोड्यूसरकडून नव्याने मिक्स करून घेतली. बाकी अल्बम जवळपास अल्बिनीचा तसाच राहिला आणि सप्टेंबरात आला तो थेट पहिल्या क्रमांकावर.

अल्बिनीला मात्र पुढे वर्षभर मोठ्या कंपन्यांकडून काम आलं नाही. तो जवळजवळ कफल्लक झाला होता, असं त्याने नंतर सांगितलंय. जगातला एक नंबरचा अल्बम रेकॉर्ड केलेला माणूस! रॉयल्टी घेतली असती तर तेच वर्ष आरामात गेलं असतं. तत्त्वाची किंमत म्हणतात ती अशी हप्त्याहप्त्याने भरावी लागते.

त्याच १९९३ मध्ये ‘द बॅफलर’ या शिकागोच्या मासिकात त्याचा लेख आला. मथळा ‘द प्रॉब्लेम विथ म्युझिक’. सुरुवात इतकी घाणेरडी आहे की इथे सांगत नाही. मोठ्या कंपनीच्या करारासाठी बँड कशातून पोहत जातात त्याचं वर्णन आहे, तुम्ही समजून घ्या. पण लेखाचा जीव शेवटच्या ताळेबंदात आहे. पत्रकारितेची डिग्री इथे कामी आली.

त्याने एक काल्पनिक पण अगदी सरासरी बँड घेतला. चार जण. कंपनी अडीच लाख डॉलर अ‍ॅडव्हान्स देते. पोरं हुरळून जातात, गावभर सांगतात. त्यातले दीड लाख रेकॉर्डिंगला जातात. मॅनेजरचे साडेसदतीस हजार, वकिलाचे दहा हजार, व्हिडिओचे तीस हजार. आधीच्या छोट्या कंपनीतून सोडवून घ्यायला पन्नास हजार, तेही बँडच्याच खात्यावर. अल्बम खपतो अडीच लाख प्रती, म्हणजे हिट. दुकानातली एकूण विक्री तीस लाख डॉलर.

आता रॉयल्टी. किरकोळ विक्रीच्या ९० टक्क्यांवर १३ टक्के, म्हणजे ३,५१,००० डॉलर. त्यातून अ‍ॅडव्हान्सचे २,५०,००० वजा. प्रोड्यूसरच्या पॉइंट्सचे ४०,००० वजा. प्रचाराचे २५,००० वजा. जुन्या कंपनीचे ५०,००० वजा. उरले किती? उणे १४,०००.

कंपनीला मिळाले ७,१०,०००. प्रोड्यूसरला ९०,०००. स्टुडिओला ५२,५००. मॅनेजरला ५१,०००. वकिलाला १२,०००. बँडमधल्या प्रत्येकाला, अ‍ॅडव्हान्स, दौरा, टी-शर्ट सगळं धरून, ४,०३१ डॉलर आणि २५ सेंट. किराणा दुकानात काउंटरवर उभे राहिले असते तर याच्या तिप्पट मिळाले असते, असं तो लिहितो. आणि करार अजून संपलेला नाही. पाव भागच झालाय. पुढच्या अल्बमला ते १४,००० कर्ज सोबत घेऊनच बसायचं.

ऊसतोडीच्या मुलखातल्या लोकांना मी आता वेगळं काय सांगू? दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम कोयत्यामागे उचल देतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती उचल टनाच्या दराने फेडायची. खाडे पडले, पोर आजारी पडलं, ऊस कमी भरला की पट्टा पडतो तेव्हा हिशेबात बाकी निघते. ती बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावं लागतं. तमाशाच्या फडातली उचलही याच जातीची. पैसा आधी हातात देतात म्हणून तो आपल्याला मिळाला असं वाटतं. खरं तर आपण विकले गेलेलो असतो. शिकागोच्या लेखात मला आमच्या जिल्ह्याचा पट्टा दिसला तो असा.

एक मात्र नीट पाहा. त्या ताळेबंदात प्रोड्यूसरच्या नावावर ९०,००० डॉलर आहेत. बँडमधल्या एकेकाच्या बावीस पटीहून जास्त. अल्बिनी त्याच खुर्चीवर बसणारा माणूस होता. तो स्वतःच्याच धंद्यातल्या कमाईवर बोट ठेवत होता, आणि वर्षभर आधी निर्वाणाला लिहिलेल्या पत्रात ती कमाई नाकारून बसला होता. बाहेर राहून शिव्या देणारे खूप असतात. आमच्या धंद्यात तर पोत्याने मिळतात.

इथे कुणीतरी नक्की म्हणणार की हे तर रफीसाहेबांसारखं झालं. साठच्या दशकात लतादीदी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून अडून बसल्या. रफीसाहेबांचं म्हणणं पडलं की गायकाला फी मिळाली, विषय संपला. त्यावरून काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. मला विचाराल तर अल्बिनी या भांडणात लतादीदींच्या बाजूला बसतो. तो रॉयल्टीच्या विरोधात नव्हताच. ज्याचं गाणं त्याची रॉयल्टी, म्हणूनच माझ्यासारख्या मधल्याने त्यात हात घालू नये, हा त्याचा मुद्दा. ‘एकरकमी घ्या आणि विषय संपवा’ हे वाक्य तंत्रज्ञ स्वतःबद्दल म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एक. तेच कंपनी कलाकाराला म्हणते तेव्हा अर्थ अगदी उलटा.

१९९७ मध्ये त्याने शिकागोच्या बेलमॉन्ट अ‍ॅव्हेन्यूवर ‘इलेक्ट्रिकल ऑडिओ’ हा स्वतःचा स्टुडिओ उघडला. भिंतींना न्यू मेक्सिकोहून आणलेल्या कच्च्या मातीच्या विटा, आवाजासाठी. आपल्या जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती आठवल्या. तिथली माणसं गॅरेजमधल्या मिस्त्रीसारखा निळा डगला घालून काम करायची, तोही. दर मुद्दाम कमी ठेवलेले. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांचा १९९८ चा अल्बम त्यानेच रेकॉर्ड केला, आणि ज्यांचं नाव त्यांच्या गल्लीबाहेर कुणाला माहीत नाही अशी पोरंही त्याच्याकडे यायची. फोन केला की बहुतेकदा तोच उचलायचा. चांगला बँड, वाईट बँड अशी निवड करायचा नाही. प्लंबर नळ पाहून घर निवडत नाही ना. एकूण किती अल्बम केले याची त्याला स्वतःलाही नीट मोजदाद नव्हती. हजारांत जातात.

शेवटपर्यंत त्याने अ‍ॅनालॉग टेपच वापरली. लोक म्हणायचे हट्टी आहे. तो म्हणायचा, टेप पन्नास वर्षांनीही वाजते, कॉम्प्युटरच्या फायली दहा वर्षांत उघडेनाशा होतात आणि मी दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या कामाचा राखणदार आहे. यावर मी हसू शकत नाही. २००५-०६ मधले माझे सगळे फोटो सीडींवर आहेत, एकही सीडी आता उघडत नाही. त्या सालच्या पुराचा एकही फोटो माझ्याकडे नाही. आणि तालुक्याच्या वाचनालयात सत्तरच्या दशकातल्या साप्ताहिकांच्या बांधीव फायली वाळवी चुकवून अजून वाचता येतात.

स्वतःचं वाजवणं त्याने सोडलं नाही. १९९२ पासून बॉब वेस्टन आणि टॉड ट्रेनर यांच्यासोबत ‘शेलॅक’ हा बँड होता. तीस वर्षांत अल्बम जेमतेम सहा. सवड मिळेल तेव्हा वाजवायचं, पोट त्यावर नाही. पोकर मात्र तो गंभीरपणे खेळायचा. २०१८ आणि २०२२ मध्ये वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या दोन स्पर्धा जिंकल्या. दुसऱ्या वेळी १,९६,०८९ डॉलर मिळाले. निर्वाणाने दिले त्याच्या जवळपास दुप्पट! पत्ते कुटून मिळालेला पैसा त्याला चालत होता, कारण समोरच्यालाही तीच संधी असते.

ख्रिसमसला तो आणि बायको हेदर विन्ना शिकागोतल्या गरीब घरांतून सांताक्लॉजला आलेली पत्रं पोस्टातून घ्यायचे, चोवीस तासांचा कार्यक्रम करून पैसे जमवायचे आणि त्या घरी जाऊन ते आणि भेटी पोचवायचे. वर्षानुवर्षं. त्याची जाहिरात त्याने फारशी केली नाही.

चुकला कुठे? २०१४ मध्ये मेलबर्नला केलेल्या भाषणात तो म्हणाला की १९९३ चा प्रश्न इंटरनेटने सोडवला. मधले दलाल गेले, बँड आणि ऐकणारा समोरासमोर आले. इथे मला त्याचं पटत नाही. मुकादम गेला नाही, त्याचं ऑफिस बदललं. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षाला हजारांपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. आणि माझ्या टेबलावर पडलेला अकरा पानांचा करार काही १९९३ चा नव्हता.

आता तो राहिलेला विषय. २०२१ च्या ऑक्टोबरात अल्बिनीने ट्विटरवर लिहिलं की आपण तरुणपणी जे बोललो-केलं त्यातलं बरंचसं सुखवस्तू अज्ञानातून आलं होतं, ते वाईट होतं आणि त्याचा पश्चात्ताप आहे. ते विसरून जाणं ही कुणाचीही जबाबदारी नाही, असंही. काळ तसा होता, विनोद होता, संदर्भ तोडला, यातलं काहीही नाही. गेल्या वीस वर्षांत मी आमच्या भागातल्या नेत्यांच्या, संपादकांच्या, महाराजांच्या दिलगिरीच्या किती बातम्या लिहिल्या असतील. सगळ्यांत ‘भावना दुखावल्या असतील तर’ असतंच. अल्बिनीच्या माफीत ‘जर-तर’ नव्हतं. म्हणून त्याच्या बँडचं ते नाव धुऊन निघतं असं नाही, आणि तसं तो म्हणालाही नाही.

तो गेल्यानंतर दहा दिवसांनी, १७ मे २०२४ ला, शेलॅकचा शेवटचा अल्बम ‘टू ऑल ट्रेन्स’ आला. तारीख आधीच ठरलेली होती. अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. हा मला सलग झेपला.

आमच्या पोराचं सांगायचं राहिलं. करारात नवव्या पानावर एक कलम आहे. लेखक आणि संगीतकार म्हणून रॉयल्टीवरचा सगळा हक्क सोडला, कायमचा. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी लढले, आणि तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला हा हक्क असा सहीने सोडून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला तो देताच येत नाही. तरी कलम छापलेलं आहेच, कारण वाचतो कोण? मी त्याखाली लाल पेनाने रेघ मारून दिली. वकील जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, मंगळवारी वेळ दिलीय.

पोरगा म्हणाला, सर, एवढं सगळं काढलं तर ते पन्नास हजार देतील का?

वडील म्हणाले, “नाही देऊ दे. हंगाम कुठं पळून चाललाय.” पण निघताना दारातून परत वळले आणि मला हळूच विचारलं, वकिलाची फी किती असते.